खडकीच्या वॉर सिमेट्रीला अर्धा तास पुरत नाही : ठाणे-नवी मुंबईतील शाळांना खुलं पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, सहल समितीचे शिक्षक आणि एनसीसी अधिकारी,
ठाणे व नवी मुंबईतील शाळा-महाविद्यालयं

सप्रेम नमस्कार वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की पुण्याच्या सहलींचे कागद फिरू लागतात. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय, जमलंच तर सिंहगड. अलीकडे काही शाळांच्या यादीत खडकीची वॉर सिमेट्रीही दिसते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्यापुढचा वेळ वाचला की हात कपाळावर जातो : अर्धा तास. हा अर्धा तास आणि त्यात जे काही होतं ते बदलावं, एवढ्यासाठी हे पत्र.

साधा हिशेब करा. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथे आहेत. एकेकीपुढे एक मिनिट उभं राहायचं म्हटलं तरी २७ तास ४८ मिनिटं लागतील. तेव्हा सगळं पाहणं कुणालाच शक्य नाही. अर्ध्या तासात मात्र काहीच पाहून होत नाही. मुलं दारातून आत येतात, हिरवळ आणि पांढऱ्या शिळा बघून 'वॉव' म्हणतात, मोठ्या क्रॉसपाशी फोटो काढतात आणि बसमध्ये जाऊन बसतात. मनात उरते ती एक छान बाग. आमचं म्हणणं असं की दोन तास द्या, बाराच नावं नीट वाचा, पंधरा जणांचा गट करा. एवढं जमणार नसेल तर त्या वर्षी खडकी यादीतून काढा, आगाखान पॅलेसला जास्त वेळ मिळेल.

आधी ही जागा काय आहे ते. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांच्या कबरींची कायमची देखभाल जागच्या जागी होण्याची खात्री नव्हती, त्या खडकीत आणल्या गेल्या. सांभाळ करतं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. ते २१ मे १९१७ ला 'इम्पीरियल' नावाने स्थापन झालं आणि १९६० मध्ये 'कॉमनवेल्थ' झालं. त्याच आवारात खडकी १९१४-१९१८ स्मारक आहे. भारतात पहिल्या महायुद्धाच्या काळात मरण पावलेल्या, ज्यांच्या छावण्यांतल्या आणि गावोगावच्या कबरी आता राखता येत नाहीत, अशा १,८०० हून अधिक जणांची नावं त्यावर आहेत.

त्यातली ६२९ नावं मुलांना आवर्जून दाखवा, कारण ती आपल्या शेजारची आहेत. ही माणसं मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत पुरलेली होती. जून १९६२ मध्ये त्यांचे अवशेष खडकीला आणून पुन्हा दफन केले. हार्बर लाइनने जाणाऱ्या मुलांना शिवडी स्टेशन तोंडपाठ असतं, अटल सेतूमुळे तर ते नाव रोजच्या बोलण्यात आलं. ही माणसं मुंबईत का मेली, याचं उत्तर बंदरात आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेचा मोठा तळ मुंबई होता. जखमी आणि आजारी सैनिक जहाजांनी इथे उतरवले जात. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ज्या इमारतीत आहे ती तेव्हा लष्करी रुग्णालय होती. संग्रहालयात तर तुमच्या शाळेची सहल जाऊन आलेली असते. मग संग्रहालय, शिवडी, खडकी अशी साखळी वर्गात फळ्यावर काढून निघालात तर खडकीच्या दारात तुमचं अर्धं काम झालेलं असेल.

आता दिवसाची आखणी. मंगळवार ते गुरुवार यातला दिवस घ्या. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाड्या कशा अडकतात हे ठाणेकरांना सांगायला नको. ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोलीला जाऊन एक्स्प्रेसवे धरायचा, देहूरोडपाशी उतरून निगडी, पिंपरी, कासारवाडी, दापोडी असं जुन्या महामार्गाने खडकीत शिरायचं. ठाण्याहून सहाला निघालात तर साडेनऊ-दहा होतात. शेवटच्या पिंपरी-दापोडीच्या पट्ट्यातच वेळ खातो, म्हणून तो हिशेबात धरा. स्वच्छतागृहाचं काम एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये उरकून घ्या, कारण दफनभूमीत तशी सोय धरून चालू नये. लहान गट असेल तर इंद्रायणीने शिवाजीनगरला उतरून रिक्षा सोप्या पडतात. भेटीचे दिवस, वेळा आणि गटाची परवानगी हे सगळं किमान दोन आठवडे आधी विचारून लेखी घ्या. हा छावणीचा भाग आहे, शिक्षकांजवळ ओळखपत्र असावं आणि ड्रोनचा विचार सोडून द्यावा. पावसाळ्यात हिरवळ घसरडी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

नावं महिनाभर आधी निवडायची असतात, आणि इथेच बहुतेक शाळा चुकतात. तिथे गेल्यावर समोर येईल ती शिळा दाखवायची म्हटलं की सहा शिळा सारख्याच निघतात. कमिशनच्या संकेतस्थळावर दफनभूमीचं नाव टाकून यादी काढता येते : नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, कबरीचा पत्ता. पत्ता असतो प्लॉट, रांग आणि कबर क्रमांक या क्रमाने. तो कागदावर लिहून न्या. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि बॅटरी बसमध्येच संपलेली असते. दाराजवळ बहुधा नोंदवही ठेवलेली पेटी असते, आराखडाही त्याच वहीत असतो. मुलांनीच ती वही उघडून पहिला पत्ता शोधावा.

बारा नावं अशी निवडा की प्रत्येकातून वेगळी गोष्ट निघेल. यादी तारखेनुसार लावली की एकाच दिवशी मेलेले चार-पाच वैमानिक एका शेजारी एक सापडू शकतात. ते बहुधा एकाच विमानातले असतात, आणि तिथे मुलं आपोआप गप्प होतात. वय दिलेला सर्वांत लहान एक घ्या. वय न दिलेला एक घ्या. वय आणि शेवटची ओळ घरच्यांनी कळवली तरच कोरली जायची, त्यामुळे रिकामी जागासुद्धा काहीतरी सांगते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा न्यूझीलंडचा कुणी मिळाला तर घ्या. कॅनडाचं मेपलचं पान आणि न्यूझीलंडचं नेच्याचं पान मुलं लांबूनही ओळखतात. एक नाव शिवडीचं, स्मारकावरून. आणि एक तरी आफ्रिकी.

या शेवटच्यावर थोडं थांबतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या १९३ पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी सैनिकांची नावं खडकीच्या याच स्मारकावर आहेत. ब्रह्मदेशच्या आघाडीवर ८१ आणि ८२ या पश्चिम आफ्रिकी आणि ११ ही पूर्व आफ्रिकी डिव्हिजन लढत होत्या, हे आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. फेरीत वेळ कमी पडला की पहिला बळी या नावांचा जातो, दरवेळी. कारण उघड आहे. पहिल्या थांब्यावर मार्गदर्शक रंगतो, वीस मिनिटं बोलतो, मग शेवटचे तीन थांबे गळतात, आणि स्मारकाची पाटी शेवटी ठेवलेली असते. यावर उपाय एकच : कबरींच्या आधी स्मारक घ्या. कबरी कितीही घाई झाली तरी दिसतातच, नावांच्या भिंतीकडे मात्र कुणी आपणहून वळत नाही.

पंधराचाच गट का, हे शिळेच्या मापातून कळतं. कमिशनची ठरीव शिळा ८१ सेंटिमीटर उंच, ३८ रुंद आणि साडेसात जाड. आपल्या मुलांच्या कमरेएवढी. चाळीस जणांच्या घोळक्यात पुढच्या आठ जणांना अक्षरं दिसतात, बाकीच्यांना पुढच्याची दप्तरं. पंधरा जण अर्धवर्तुळात उभे केले, पुढचे सहा-सात खाली बसले, की सगळ्यांना वाचता येतं. ४५ मुलांची बस असेल तर तीन गट, तीन मार्गदर्शक आणि तीन वेगळे सुरुवातीचे थांबे. एक गट स्मारकापाशी, एक क्रॉसपाशी, एक नोंदवहीपाशी, मग सगळे एकाच दिशेने सरकत राहतील. लाऊडस्पीकर नको. मोठा आवाज लागतोय म्हणजे गट मोठा झालाय.

वेळेची वाटणी अशी बसते : दारात आणि नोंदवहीपाशी १५ मिनिटं, स्मारक २५, दहा कबरींना प्रत्येकी ६ मिनिटं म्हणजे एक तास, आणि मुलांना एकट्याने फिरायला २०. या शेवटच्या वीस मिनिटांत कुणी काही बोलू नये. शिक्षकांनाच ते सर्वांत अवघड जातं.

आता एक शिळा जवळून. वर पलटणीचं किंवा देशाचं चिन्ह. त्याखाली पहिल्या ओळीत सैनिक क्रमांक आणि हुद्दा, मग नाव, मग पलटण, मग तारीख आणि असेल तर वय. मधोमध धर्मचिन्ह, आणि अगदी तळाशी, जमिनीला टेकल्यासारखी, घरच्यांनी निवडलेली ओळ. या ओळीला अक्षरांची मर्यादा होती : मोकळ्या जागा धरून ६६. मुलांना वर्गात ६६ खणांचा कागद द्या आणि मराठीत कुणासाठी तरी एक ओळ लिहायला सांगा. दोन मिनिटांत त्यांना कळतं की विशेषणांना जागा उरत नाही.

तळाची ओळ वाचायला वाकावं लागतं, आणि तिथेच नुकसान होतं. शिळेच्या पायाशी मातीचा पट्टा आणि त्यात बुटकी झाडं असतात. ती नुसती शोभेसाठी नसतात. पावसाच्या थेंबांनी उडालेला चिखल अक्षरांवर बसू नये म्हणून ती लावलेली असतात. मुलं नेमकी त्याच पट्ट्यात पाय रोवतात. हिरवळीवर उभं राहा, मातीवर नाही, हे दारातच सांगा. शिळेला टेकायचं नाही, वर हात ठेवून फोटो नाही. अक्षरं पुसट वाटली तर खडू, पीठ, कोळसा काही लावायचं नाही. एक साधा हातभर लांबीचा आरसा न्या, कडांना चिकटपट्टी लावलेला. उन्हाची तिरीप त्यावर घेऊन शिळेवर बाजूने पाडली की कोरीव अक्षरांत सावली भरते आणि झिजलेला आकडासुद्धा वाचता येतो. पाणी नको, ब्रश नको. शिळेवरचा आणि यादीतला मजकूर जुळत नसेल तर दोन्हींचे फोटो कमिशनला पाठवा. अशा चुका तिथे नोंदवल्या जातात, आणि शोधणारी मुलं असतील तर त्यांना केवढा अभिमान वाटतो.

फुलं न्यायची असतील तर सुटी न्या, तारेत ओवलेले हार नकोत, प्लास्टिक तर नकोच. हळद-कुंकू, तेलाची पणती, उदबत्ती यांचे डाग दगडात मुरतात आणि सहजी निघत नाहीत. भावना समजते, पण शिळा देवळातली नाही. चपला-बूट काढायला सांगू नका. दरवेळी कुणीतरी काढतं आणि मग काटा लागतो.

मोठा क्रॉस म्हणजे क्रॉस ऑफ सॅक्रिफाइस, वास्तुविशारद रेजिनाल्ड ब्लूमफील्डने आखलेला, दगडी क्रॉसवर खाली टोक केलेली कांस्याची तलवार. हजाराच्या वर कबरी असलेल्या अशा दफनभूमींत सहसा एक मोठी आडवी शिळाही असते, वास्तुविशारद एडविन लचन्सने आखलेली, १२ फूट लांब. ती सरळ दिसते पण तिच्यात एकही रेघ सरळ नाही, सगळे पृष्ठभाग किंचित फुगीर आहेत. गणिताच्या शिक्षकांनी हा विषय घ्यावा. आम्ही इथे पुढे जातो.

रील पाहून आलेली मुलं हमखास विचारतात : पहारेकरी कुठे आहे? अमेरिकेतल्या आर्लिंग्टनला अनाम सैनिकाच्या थडग्यापुढे पहारेकरी २१ पावलं चालतो, २१ सेकंद थांबतो, ते त्यांनी पाहिलेलं असतं. तो मान आर्लिंग्टनचा, तिथे १८६४ पासून दफनं होतायत आणि आजही होतात. खडकीत पहारा नाही, माळी आहेत. गवत कापण्याची वेळ असेल तर दोन मिनिटं थांबून ते काम बघू द्या. शिळांच्या कडेने गवत कसं कापतात, कडेला यंत्र का लावत नाहीत, हे माळीकाकांना विचारलं तर ते हौसेने सांगतात.

दुसरा प्रश्न जास्त अवघड : हे आपले की त्यांचे? उडवून लावू नका. खडकीतली बरीचशी नावं ब्रिटिश आहेत. त्यांतले अनेक कुठल्या रणांगणावर नाही, तर तापाने, अपघाताने, रुग्णालयाच्या खाटेवर गेले. प्रत्येकाला 'शूरवीर' म्हणत सुटलं की मुलांना ते खोटं वाटतं, आणि ते बरोबर असतं. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते, सुमारे ८७,००० गेले. हिंदू-शीख सैनिकांना शक्य तिथे अग्नी दिला जाई, त्यामुळे त्यांची कबर नसते, नाव कुठल्यातरी स्मारकावर असतं. निदान असायला हवं होतं.

मार्गदर्शकाने प्रामाणिक राहायची जागा ती हीच. कमिशनचं तत्त्व सुरुवातीपासून असं की हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद नाही, प्रत्येकाचं नाव. युरोपात ते पाळलं गेलं. पण इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे नुसते आकडे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत गेलेली ६वी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ इराकमधल्या कुत गावी वेढ्यात अडकून, उपाशी राहून त्या शरण गेल्या. म्हणजे पुण्याच्या नावाच्या डिव्हिजनमधले सातारा-कोकणचे शिपाई तिकडे आकडे होऊन राहिले आणि इकडे खडकीत ब्रिटिश शिपायाचं पूर्ण नाव आहे. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्याच चौकशीचा अहवाल काढला आणि माफी मागितली. किमान १,१६,००० जणांची, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावाने नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, असं त्यात म्हटलंय. हे सांगितल्याने खडकीतल्या माणसांचा अपमान होत नाही. समोरच्या शिळेवर नाव असणं ही केवढी गोष्ट आहे, हे उलट त्यामुळे कळतं.

म्हणून अकराव्या-बाराव्या थांब्यादरम्यान एक नाव असं वाचा जे खडकीत नाही. नाईक यशवंत घाडगे, ५वी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकीचे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा एकटा त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, ते ठाणं घेतलं आणि लगेच दुसऱ्या बाजूने आलेल्या गोळ्यांनी पडला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतला शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला मरणोत्तर. त्यांची कबर नाही, नाव इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर आहे. आणि पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला. नवी मुंबईतल्या कितीतरी मुलांच्या गावची एसटी माणगाववरून जाते.

पुण्यातला उरलेला अर्धा दिवस शनिवारवाड्याऐवजी आगाखान पॅलेसला द्या, असं आम्ही सुचवू. तिथे महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला कैदेत असतानाच वारल्या, दोघांच्या समाधी आवारातच आहेत. खडकीतल्या शिळांवर तीच वर्षं आहेत. सकाळी इंग्रजांच्या फौजेतली माणसं, दुपारी इंग्रजांच्या कैदेतली. या दोन तारखा मुलांच्या वहीत एकाखाली एक लिहिल्या गेल्या की पुढची चर्चा परतीच्या बसमध्ये आपोआप सुरू होते, घाट संपेपर्यंत चालते.

या वर्षीच्या सहलीचा कागद मंजुरीला जाण्याआधी आपण एवढं करावं : खडकीपुढे 'दोन तास' लिहा, मार्गदर्शकांची संख्या मुलांच्या पटावरून काढा, आणि बारा नावांची यादी इतिहासाच्या शिक्षकांकडून सहलीच्या महिनाभर आधी मागून घ्या. आरसा प्रयोगशाळेत असेलच.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतील वारसा फेऱ्यांचे काही मार्गदर्शक